अमेरिकेतील विद्यापीठीय विद्यार्थ्यांची मद्यपानसंस्कृती : पिढ्यांमधील स्थित्यंतराचा आढावा

प्रस्तावना

मद्यपान ही केवळ व्यक्तीची सवय नसते. ती एक सामाजिक रीतही असते. कोण कोणाबरोबर पितो, कोठे पितो, कोणाच्या नजरेआड पितो आणि न पिणाऱ्याला त्या मंडळीत कोणते स्थान मिळते, या प्रश्नांची उत्तरे समाजागणिक व काळागणिक बदलतात. विद्यापीठाच्या परिसरात तर हा बदल विशेष स्पष्टपणे दिसतो. येथे दर तीन-चार वर्षांनी विद्यार्थ्यांचा संपूर्ण समूह बदलतो, तरीही ज्येष्ठांकडून कनिष्ठांकडे रीती पोहोचत राहतात. म्हणूनच ‘मद्यपानसंस्कृती’ ही संज्ञा विद्यार्थी समूहाला सार्थपणे लावता येते.

या संस्कृतीचा अभ्यास करण्यासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे उदाहरण अनेक दृष्टींनी उपयुक्त आहे. एक तर तेथे विद्यार्थ्यांच्या मद्यपानाची पद्धतशीर नोंद विसाव्या शतकाच्या मध्यापासून होत आली आहे. दुसरे म्हणजे मद्यपानाच्या वयोमर्यादेचा कायदा तेथे एका पिढीच्या अवधीत दोनदा बदलला, आधी सैल झाला आणि नंतर कडक. कायदा बदलल्याने विद्यार्थ्यांचे वर्तन किती बदलते, हे तपासण्याची अशी संधी क्वचितच मिळते. तिसरे म्हणजे या देशातील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात ती ३ लाख ३१ हजारांहून अधिक होती आणि परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारत प्रथम क्रमांकावर होता. त्यांमध्ये महाराष्ट्रातील महाविद्यालयांतून गेलेले पदवीधरही आहेत. त्यामुळे येथील अध्यापकांनाही हा विषय सर्वस्वी परका नाही.

उद्दिष्टे

१. अमेरिकेतील विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या मद्यपानाच्या रीतीत पिढ्यांनुसार झालेले बदल स्पष्ट करणे.
२. या बदलांमध्ये कायद्याचा वाटा किती आणि अन्य सामाजिक कारणांचा किती, याचा विचार करणे.
३. महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या संदर्भात या अनुभवाची उपयुक्तता तपासणे.

युद्धोत्तर पिढी : निवडक व नियंत्रित मद्यपान

अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशव्यापी दारूबंदी होती. ती उठल्यानंतर प्रत्येक राज्याने स्वतःचा कायदा केला. बहुसंख्य राज्यांनी मद्य विकत घेण्याचे किमान वय २१ ठेवले. न्यूयॉर्कसारख्या काही राज्यांनी ते १८ ठेवले. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मेमोरियल युनियन या विद्यार्थीभवनात १९३३ पासूनच सौम्य बिअर मिळू लागली. म्हणजे एकाच देशात एका विद्यापीठात बिअर हे भोजनालयातील पेय होते, तर दुसऱ्या विद्यापीठात मद्याची बाटली सापडणे हे निष्कासनाचे कारण होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यार्थी समूहाचे स्वरूप एकाएकी पालटले. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना उच्च शिक्षणासाठी साहाय्य देणारा कायदा १९४४ मध्ये संमत झाला. १९४७ मध्ये महाविद्यालयीन प्रवेशांपैकी जवळजवळ निम्मे प्रवेश अशा माजी सैनिकांचे होते. वयाने प्रौढ, अनेकदा विवाहित आणि जगाचा अनुभव घेतलेला हा विद्यार्थी शाळेतून थेट आलेल्या मुलाच्या शेजारी बसू लागला. त्याला वसतिगृहाचे जुने नियम लागू करणे कठीण होते.

याच सुमारास येल विद्यापीठातील रॉबर्ट स्ट्राउस व सेल्डन बेकन या समाजशास्त्रज्ञांनी २७ महाविद्यालयांतील पंधरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली. तिच्यावर आधारित ‘ड्रिंकिंग इन कॉलेज’ हा त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाहणीतील मुलांपैकी सुमारे ८० टक्के आणि मुलींपैकी सुमारे ६१ टक्के मद्य घेणारे होते. तथापि या आकड्यांपेक्षा ग्रंथाचा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा होता. विद्यार्थी पितो की नाही, हे प्रामुख्याने त्याच्या घरातील रीत, धर्मपंथ व कौटुंबिक पार्श्वभूमी यांवरून ठरते, आणि पिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी महाविद्यालयात येण्यापूर्वीच मद्याची चव घेतलेली असते, असे लेखकद्वयाला आढळले. ‘महाविद्यालय मुलांना बिघडवते’ या तत्कालीन समजाला या निष्कर्षाने छेद दिला.

या पिढीवर संस्थेचे नियंत्रण मोठे होते. महाविद्यालय हे विद्यार्थ्याच्या पालकाच्या स्थानी आहे, हा सिद्धान्त न्यायालयांनी दीर्घकाळ मान्य केला होता. मुलींच्या वसतिगृहांचे दरवाजे ठरावीक वेळी बंद होत, खोल्यांची तपासणी होत असे आणि शिस्तभंगाबद्दल सुनावणीविना काढून टाकता येत असे. १९६१ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने डिक्सन विरुद्ध अलाबामा राज्य शिक्षण मंडळ या खटल्यात सार्वजनिक महाविद्यालयातील विद्यार्थ्याला सुनावणीचा हक्क असल्याचा निर्णय दिला. हा खटला मद्यपानाचा नव्हता. वर्णभेदाविरुद्धच्या आंदोलनात भाग घेणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा होता. परंतु त्यामुळे पालकस्थानी असण्याच्या सिद्धान्ताचा पाया खचला आणि त्याचा परिणाम वसतिगृहाच्या जीवनावरही झाला. साठच्या दशकाच्या अखेरीस वसतिगृहांतील बहुतेक वेळबंधने शिथिल झाली.

सत्तरच्या दशकातील पिढी : उघड मद्यपान

१९७१ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेत सव्विसावी दुरुस्ती होऊन मतदानाचे वय १८ झाले. व्हिएतनाम युद्धात अठराव्या वर्षी सैन्यात भरती होणाऱ्या तरुणाला मत का नाही, हा त्यामागील प्रश्न होता. त्याच युक्तिवादाने मद्याच्या वयोमर्यादेचाही फेरविचार झाला. १९७० ते १९७५ या काळात २९ राज्यांनी ही मर्यादा १८, १९ किंवा २० पर्यंत खाली आणली.

या बदलाचा परिसरावर झालेला परिणाम दूरगामी होता. मद्यपान आता लपवण्याची बाब राहिली नाही. अनेक विद्यापीठांनी परिसरातच बिअरगृहे उघडली. तेथे विद्यार्थी आणि प्राध्यापक एका मेजाभोवती बसत, विभागाच्या कार्यक्रमांत बिअर ठेवली जाई, आणि वसतिगृहाच्या समारंभासाठी बिअरचे पिंप मागवण्याचा खर्च विद्यार्थी निधीतून होत असे. मद्य उत्पादक कंपन्यांनी विद्यार्थ्यांतूनच आपले प्रतिनिधी नेमले. १९७८ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘अ‍ॅनिमल हाउस’ या चित्रपटाने फ्रॅटर्निटी, म्हणजे विद्यार्थ्यांची निवासी भ्रातृमंडळे, आणि त्यांच्या बेबंद मेजवान्या यांची प्रतिमा लोकमानसात पक्की केली.

या पिढीच्या मद्यपानाचे प्रमाण अल्प नव्हते. मिशिगन विद्यापीठाच्या ‘मॉनिटरिंग द फ्युचर’ या दीर्घकालीन पाहणीनुसार, १९८० मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी ४४ टक्क्यांनी मागील दोन आठवड्यांत निदान एकदा एका बैठकीत पाच किंवा अधिक पेये घेतली होती. मात्र हे मद्यपान प्रौढांच्या नजरेसमोर होते. पिणाऱ्याला सांभाळणारे, थांबवणारे किंवा घरी पोहोचवणारे कोणीतरी जवळ असण्याची शक्यता अधिक होती. या पिढीचा खरा धोका परिसराबाहेर, रस्त्यावर होता. शेजारच्या राज्यात वयोमर्यादा कमी असेल तर तरुण मोटारीने तेथे जात आणि पिऊन परतत. वयोमर्यादा खाली आणलेल्या राज्यांत तरुण चालकांच्या अपघातांत वाढ झाल्याचे संशोधकांनी दाखवल्यावर काही राज्यांनी १९७० च्या दशकातच आपला निर्णय फिरवला.

१९८४ नंतरची पिढी : बंद दाराआडचे मद्यपान

१९८० मध्ये कॅलिफोर्नियात मद्यपी चालकांविरुद्ध मातांची संघटना स्थापन झाली. अपघातात मूल गमावलेल्या मातेने सुरू केलेल्या या चळवळीला देशभर प्रतिसाद मिळाला. मद्यविषयक कायदे करण्याचा अधिकार राज्यांचा असल्याने केंद्र सरकार थेट वयोमर्यादा ठरवू शकत नव्हते. म्हणून १९८४ च्या राष्ट्रीय किमान मद्यपान वय कायद्याने वेगळा मार्ग काढला. जे राज्य २१ ही मर्यादा स्वीकारणार नाही, त्याच्या महामार्ग निधीतील काही भाग रोखला जाईल, अशी तरतूद त्यात होती. साउथ डकोटा राज्याने तिला आव्हान दिले. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. १९८८ पर्यंत सर्व राज्यांत २१ ही मर्यादा लागू झाली. १९८९ च्या दुसऱ्या एका कायद्याने, केंद्रीय निधी घेणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयावर मद्य व अमली पदार्थांविषयीचे लेखी धोरण विद्यार्थ्यांना देण्याचे बंधन घातले.

या कायद्याचे यश नाकारता येत नाही. रस्ते सुरक्षेची राष्ट्रीय यंत्रणा असे मानते की, १९७५ ते २०१७ या काळात वाढीव वयोमर्यादांमुळे ३१ हजारांहून अधिक जीव वाचले. शाळकरी मुलांमध्येही मद्यपान लक्षणीय घटले. १९८० मध्ये बारावीच्या ४१ टक्के विद्यार्थ्यांनी मागील दोन आठवड्यांत पाच किंवा अधिक पेये एका बैठकीत घेतल्याचे सांगितले होते. १९९३ मध्ये हे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवर आले.

परंतु याच काळात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांतील प्रमाण ४४ वरून केवळ ४० टक्क्यांच्या आसपास उतरले. शाळेत मोठी घट आणि महाविद्यालयात जवळजवळ स्थिती तशीच, ही तफावत या विषयातील कळीची बाब आहे. स्ट्राउस व बेकन यांच्या काळात विद्यार्थी आपली सवय घरून घेऊन येत असे. आता घरून कमी सवय घेऊन आलेला विद्यार्थी ती परिसरात येऊन शिकत होता. म्हणजे परिसर स्वतःच आता कारण ठरू लागला होता.

याचे कारण वयोमर्यादेच्या रेषेत शोधावे लागते. अमेरिकी विद्यार्थी साधारणपणे १८ व्या वर्षी विद्यापीठात येतो आणि २२ व्या वर्षी पदवी घेतो. २१ ची रेषा त्यामुळे पदवीच्या काळाला मधूनच छेदते. चौथ्या वर्षाचा विद्यार्थी दुकानातून कायदेशीरपणे मद्य आणू शकतो आणि त्याच इमारतीत राहणारा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आणू शकत नाही. अशा स्थितीत मद्य ही ज्येष्ठांच्या हाती असलेली वस्तू बनते. परिसरातील बिअरगृहे बंद झाली किंवा एकवीस वर्षांवरील ग्राहकांपुरती मर्यादित झाली, आणि नव्या विद्यार्थ्यांचे मद्यपान वसतिगृहाच्या बंद खोलीत, भाड्याच्या घरात आणि फ्रॅटर्निटीच्या तळघरात गेले. लाल प्लॅस्टिकचा अपारदर्शक पेला हे या पिढीचे चिन्ह ठरले, कारण त्यात काय आहे हे बाहेरून दिसत नाही. समारंभाच्या ठिकाणी पेय मिळणार नाही म्हणून खोलीतच घाईघाईने पिऊन निघण्याची रीत रूढ झाली. बिअरपेक्षा तीव्र मद्य लपवायला सोपे असल्याने त्याचाही वापर वाढला. प्राध्यापक मात्र या साऱ्या चित्रातून बाहेर गेले.

हार्वर्ड विद्यापीठातील हेन्री वेक्सलर यांनी १९९३ मध्ये १४० महाविद्यालयांतील १७ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली. एका बैठकीत मुलांनी पाच आणि मुलींनी चार किंवा अधिक पेये घेणे, अशी त्यांनी अतिमद्यपानाची व्याख्या केली. या व्याख्येनुसार ४४ टक्के विद्यार्थी अतिमद्यपान करणारे ठरले. १९९७, १९९९ व २००१ मध्ये हीच पाहणी पुन्हा झाली तेव्हाही हे प्रमाण जवळजवळ तेच राहिले. मात्र या स्थिर आकड्याखाली एक फाळणी होत होती. अजिबात न पिणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १६ वरून १९ टक्क्यांवर गेले आणि त्याच वेळी वारंवार अतिमद्यपान करणाऱ्यांचे प्रमाण २० वरून २३ टक्क्यांच्या आसपास पोहोचले. मध्यम प्रमाणात पिणारा वर्ग आकसत होता. परिसर दोन टोकांत विभागला जात होता.

या गुप्ततेची किंमत मोठी होती. १९९७ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या नामांकित संस्थेतील पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी फ्रॅटर्निटीच्या समारंभात झालेल्या अतिमद्यपानाने मृत्यू पावला. त्यानंतर संस्थेने पहिल्या वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांना परिसरातील वसतिगृहातच ठेवण्याचा निर्णय घेतला. तो २००२ पासून अमलात आला. २००२ मध्येच राष्ट्रीय मद्यविषयक संशोधन संस्थेच्या कृतिदलाने अहवाल सादर केला. मद्याशी संबंधित कारणांनी दरवर्षी सुमारे १,४०० महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा मृत्यू होतो, असा अंदाज त्यात होता. बेशुद्ध मित्रासाठी रुग्णवाहिका बोलावली तर आपणच शिक्षेस पात्र ठरू, या भीतीने विद्यार्थी मदत मागत नाहीत, हेही लक्षात आले. म्हणून कॉर्नेल विद्यापीठाने २००२ मध्ये वैद्यकीय मदत मागणाऱ्याला व ज्याच्यासाठी ती मागितली त्याला शिस्तभंगाच्या कारवाईतून सूट देण्याचे धोरण स्वीकारले. पुढे अनेक विद्यापीठांनी व राज्यांनी असे नियम केले.

२००८ मध्ये मिडलबरी महाविद्यालयाचे माजी अध्यक्ष जॉन मॅककार्डेल यांच्या पुढाकाराने शंभरहून अधिक महाविद्यालयप्रमुखांनी २१ च्या मर्यादेवर खुली चर्चा व्हावी, असे जाहीर निवेदन केले. कायद्याने मद्यपान थांबले नाही, ते केवळ दृष्टिआड गेले, असा त्यांचा मुख्य मुद्दा होता. मातांच्या संघटनेने व रस्ते सुरक्षेच्या अभ्यासकांनी त्यास तीव्र विरोध केला. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. एक बाजू परिसराकडे पाहत होती, दुसरी रस्त्याकडे. कायदा बदलला नाही.

अलीकडील पिढी : मद्यापासून दुरावा

ज्या काळात महाविद्यालयप्रमुख हा वाद घालत होते, त्याच काळात कोणाच्या फारसे लक्षात न येता चित्र पालटू लागले होते. मिशिगन विद्यापीठाच्या पाहणीत २००८ च्या सुमारास एका बैठकीत पाच किंवा अधिक पेये घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. २०१८ मध्ये ते २८ टक्क्यांवर आले. अमेरिकेत महाविद्यालयात शिकणाऱ्या १८ ते २२ वयोगटातील तरुणांपैकी मद्य न घेणाऱ्यांचे प्रमाण २००२ मध्ये २० टक्के होते, ते २०१८ मध्ये २८ टक्के झाले. गॅलप या संस्थेच्या २०२५ च्या पाहणीत देशातील केवळ ५४ टक्के प्रौढांनी आपण मद्य घेतो असे सांगितले. या संस्थेच्या सुमारे नऊ दशकांच्या नोंदीत हे प्रमाण कधीच इतके कमी नव्हते.

या घसरणीचे श्रेय १९८४ च्या कायद्याला देता येईल काय? कायदा तर तीस-पस्तीस वर्षे तोच होता. शिवाय इंग्लंडचे उदाहरण येथे बोलके आहे. तेथे मद्यविक्रीची वयोमर्यादा १८ आहे, विद्यार्थी संघटनांच्या इमारतीत अधिकृत मद्यगृहे असतात आणि परिसरातील स्वागत सप्ताह परंपरेने मद्याभोवतीच रचला जात असे. तरीही इंग्लंडमधील १६ ते २४ वयोगटात मद्य न घेणाऱ्यांचे प्रमाण २००५ मधील १८ टक्क्यांवरून २०१५ मध्ये २९ टक्क्यांवर गेले, आणि पूर्णवेळ विद्यार्थ्यांतही ही वाढ आढळली. वयोमर्यादा भिन्न असूनही दोन्ही देशांत तरुण एकाच दिशेने गेले. त्यामुळे या बदलाची कारणे कायद्यापलीकडे शोधावी लागतात. अभ्यासकांनी पुढे ठेवलेली प्रमुख कारणे अशी आहेत.

अ) शालेय वयातील घट : १९८० मध्ये बारावीच्या ७२ टक्के विद्यार्थ्यांनी मागील महिन्यात मद्य घेतले होते, २०१९ मध्ये हे प्रमाण सुमारे २९ टक्के होते. पिण्याची सवय नसलेला विद्यार्थी हा आता अपवाद नसून बहुसंख्य आहे. परिसरात आल्यावर त्याला स्वतःसारखे अनेक जण भेटतात.

आ) भेटीगाठींच्या रीतीतील बदल : भ्रमणध्वनी व समाजमाध्यमे यांमुळे तरुणांच्या प्रत्यक्ष भेटी घटल्या. त्याचबरोबर मद्यधुंद अवस्थेतील छायाचित्र क्षणात सर्वत्र पोहोचते आणि नोकरीच्या वेळी पुढे येऊ शकते, ही जाणीवही आली.

इ) आर्थिक ताण : वाढते शुल्क, शैक्षणिक कर्ज व शिक्षणाबरोबर करावी लागणारी नोकरी यांमुळे मोकळा वेळ आणि पैसा दोन्ही कमी झाले.

ई) विद्यार्थी समूहाची बदलती रचना : घरी राहून शिकणारे, स्थलांतरित कुटुंबांतील आणि मद्य वर्ज्य मानणाऱ्या समाजांतील विद्यार्थी वाढले. फ्रॅटर्निटीची रीत हीच परिसराची रीत, हे समीकरण त्यामुळे सैल झाले.

उ) आरोग्यविषयक जाणीव : २०२५ च्या गॅलप पाहणीत ५३ टक्के अमेरिकनांनी मध्यम मद्यपानही आरोग्यास अपायकारक असल्याचे मत दिले. त्याच वर्षी जानेवारीत देशाच्या सर्जन जनरलने मद्य व कर्करोग यांच्या संबंधाविषयी सूचनापत्र काढले होते.

या कारणांपैकी कोणाचा वाटा किती, यावर अभ्यासकांत एकमत नाही. शिवाय ही घसरण म्हणजे निर्व्यसनीपणा, असे समजणे चुकीचे ठरेल. याच काळात विद्यार्थ्यांमधील गांजाचा व विद्युत सिगारेटचा वापर वाढला. एकटेपणाच्या तक्रारीही वाढल्या. मागील पिढी एकत्र जमून पीत होती. नव्या पिढीत पिणे कमी झाले, पण त्याबरोबर एकत्र जमणेही कमी झाले. हा निव्वळ लाभ मानावा काय, हा प्रश्न शिक्षणक्षेत्रापुढे आहे. आणि जे अतिमद्यपान उरले आहे ते पूर्वीइतकेच घातक आहे. फ्रॅटर्निटीतील प्रवेशविधीत, अमेरिकेत ज्याला हेझिंग म्हणतात त्या प्रकारात, मद्याने होणारे मृत्यू थांबलेले नाहीत. अशाच एका मृत्यूनंतर पेनसिल्व्हेनिया राज्याने २०१८ मध्ये कठोर कायदा केला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये हेझिंगच्या घटना जाहीर करणे महाविद्यालयांना बंधनकारक करणारा केंद्रीय कायदाही संमत झाला.

महाराष्ट्राच्या संदर्भात

अमेरिकेचा अनुभव जसाच्या तसा महाराष्ट्राला लागू करता येणार नाही. मद्याचा सामाजिक अर्थच दोन्हीकडे वेगळा आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाचा वारसा असलेल्या या राज्यात दारू हा प्रश्न प्रथम कुटुंबाच्या विध्वंसाचा म्हणून चर्चिला गेला. महिलांच्या मतदानाने गावातील दुकान बंद करण्याची ‘उभी बाटली, आडवी बाटली’ ही पद्धत त्याचीच साक्ष देते. वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी घरातील व्यसनाचे चटके सोसलेले असतात. त्यांच्यासमोर मद्यपानाविषयी बोलताना ‘मौज’ आणि ‘शिस्तभंग’ हे दोनच शब्द पुरेसे नाहीत.

तरीही काही बाबी विचार करण्याजोग्या आहेत. महाराष्ट्रात बिअर व वाईनसाठी किमान वय २१ आणि अन्य मद्यासाठी २५ आहे. तीन वर्षांची पदवी साधारणपणे एकविसाव्या वर्षी पूर्ण होते. म्हणजे येथील रेषा पदवी अभ्यासक्रमाला मधून छेदत नाही, तर जवळजवळ संपूर्ण पदवी वर्ग तिच्या अलीकडे राहतो. कायद्याच्या दृष्टीने पदवी स्तरावर विद्यार्थ्याचे मद्यपान अस्तित्वातच नसावे. म्हणूनच त्याविषयी महाविद्यालयात बोलणेही होत नाही. अमेरिकी अनुभव सांगतो तो धोका नेमका याच मौनात आहे. जे अधिकृतपणे नाही, ते भाड्याच्या खोलीत असते, आणि तेथे काही विपरीत घडले तर मदत मागण्याची भीती अधिक असते.

या दृष्टीने पुढील मुद्दे नमूद करता येतील.

१. पहिले काही आठवडे निर्णायक असतात. गावातून शहरात आलेला विद्यार्थी या काळात ओळखी शोधत असतो. मद्याविना जमण्याच्या जागा, जसे ग्रंथालय, क्रीडांगण, नाट्यमंडळ, राष्ट्रीय सेवा योजना, त्याला याच काळात उपलब्ध झाल्या पाहिजेत.

२. ज्येष्ठांकडून कनिष्ठांवर होणारी सक्ती हा मद्यपानाचा नव्हे, सत्तेचा प्रश्न आहे. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे विनियम यांच्या चौकटीत मद्याच्या सक्तीकडेही पाहावे.

३. सर्व जण पितात हा समज बहुधा अतिरंजित असतो. अमेरिकेतील वेस्ली पर्किन्स व अ‍ॅलन बर्कोविट्झ यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले की, विद्यार्थी आपल्या सहाध्यायांचे मद्यपान प्रत्यक्षापेक्षा अधिक समजतात आणि त्या समजाला अनुसरून स्वतः वागतात. वस्तुस्थिती सांगणे हा या समजावरील उपाय आहे.

४. संकटात मदत मागणाऱ्या विद्यार्थ्याला प्रथम उपचार आणि नंतर समुपदेशन मिळेल, शिक्षा नव्हे, असा विश्वास वसतिगृह प्रशासनाने दिला पाहिजे.

निष्कर्ष

अमेरिकेतील चार पिढ्यांच्या आढाव्यातून असे दिसते की, युद्धोत्तर पिढीची सवय घरून आली होती, सत्तरच्या दशकातील पिढी उघडपणे प्यायली, १९८४ नंतरची पिढी लपून प्यायली आणि अलीकडील पिढी कमी पिऊ लागली. वयोमर्यादेच्या कायद्याने रस्त्यावरील मृत्यू घटवले, ही त्याची मोठी कामगिरी आहे. परिसरात मात्र त्याने मद्यपानाचे प्रमाण थोडे आणि स्थान पुष्कळ बदलले. प्रमाणातील मोठी घट नंतर झाली, आणि ती विद्यार्थ्यांच्या भेटण्याच्या, जगण्याच्या व स्वतःकडे पाहण्याच्या रीती बदलल्यामुळे झाली.

कायदा पेल्याला हात घालू शकतो, संगतीला नाही. संगत घडवण्याचे सामर्थ्य महाविद्यालयाकडे आहे. अमेरिकेत १९८४ नंतर विद्यार्थ्यांच्या बैठकीतून मद्य गेले नाही, प्राध्यापक गेले. महाराष्ट्रातील अध्यापकांनी या अनुभवातून घ्यावयाचा बोध हाच की, विद्यार्थ्यांच्या वर्गाबाहेरील जीवनाशी असलेला संबंध नियमावलीच्या भरवशावर सोडून देता येत नाही.